वद्य पंचमीची ओहोटी आणि आमच्या शाळेची तीन उद्दिष्टं

मु. माडखार, खाडीकाठ
आषाढ शुद्ध तृतीया

चि. सौ. प्रमोदिनी हीस भाऊचे अनेक आशीर्वाद.

आधी तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. डावा जास्त दुखतो की उजवा, तेही स्पष्ट लिही. मागच्या पत्रात तू डावा लिहिलं होतंस आणि फोनवर उजवा म्हणालीस, त्यामुळे तुझी वहिनी तेलाची बाटली कोणत्या गुडघ्याच्या नावाने पाठवायची म्हणून अडून बसली आहे. मेहुण्यांच्या रक्तदाबाचं काय? गोळी रोज घेतात का, की गोळी घेतली म्हणून लोणच्याची फोड जास्त घेतात? तुझ्या सलिलची पाठ मुंबईच्या ऑफिसातल्या त्या खुर्चीतून सुटली का? त्याला म्हणावं, आठवडाभर आमच्या वाडीत येऊन सुपाऱ्या वेच, पाठीला दुसरं दुखणं मिळेल आणि पहिलं विसरशील. सूनबाईंची अर्धशिशी कशी आहे? त्या ओव्याचा शेक घेतात की नुसतं हो हो म्हणतात? आणि नातीचा, आश्लेषाचा, पुढचा दात उगवला का? पडलेला दात तिने पाकिटात घालून मला पाठवला होता, तो मी पंचांगात ठेवला आहे. हल्ली तिथी बघायला गेलं की आधी दातच बघावा लागतो.

इकडे सर्व ठीक. वहिनीची प्रकृती उत्तम आहे, म्हणजे माझ्यावर दिवसातून तीनदा रागावण्याइतकी. मला किंचित खोकला आहे, पण तो सभेत बोलण्याआधीच येतो, त्यामुळे औषध घेत नाही. हे पत्र नुसतं खुशालीचं आहे, माझं तुझ्याकडे काहीही काम नाही. (वहिनी खांद्यावरून वाचते आहे. हे वाक्य वाचून ती आत निघून गेली.)

तू पनवेलला राहायला गेल्यापासून गावात झालेला मोठा बदल म्हणजे मी शाळा व्यवस्थापन समितीवर 'शिक्षणप्रेमी सदस्य' म्हणून निवडून आलो. समितीत एक शिक्षणप्रेमी पाहिजेच असा नियम आहे. गावातले शिकलेले होते ते कोणी मुंबईला गेले, कोणी न्हावा शेव्याच्या बंदरात लागले, कोणी आखातात. मागे उरलेल्यांत शिक्षणावर प्रेम करायला रिकामा असा मीच सापडलो. चौथी पास माणसाचं शिक्षणावरचं प्रेम टिकतं कारण दोघांचा सहवास फार झालेला नसतो, असं आपला होडीवाला यूनुस म्हणतो. तो सातवी पास आहे, त्यामुळे त्याचं बोलणं ऐकून घ्यावं लागतं.

तर मे महिन्याच्या अखेरीस तालुक्याहून एक पाकीट आलं. त्यात एक मोठा कागद होता, 'नवीन शैक्षणिक वर्ष : शाळेची उद्दिष्टे व प्राधान्यक्रम'. तीन उद्दिष्टं लिहायची, प्रत्येकापुढे मुदत आणि प्रत्येकापुढे पुरावा. त्याच पाकिटात एक लहान कागदही होता. त्यात लिहिलं होतं की माडखारच्या शाळेचा पट अकरा आहे, सबब ही शाळा खाडीपलीकडच्या केंद्रशाळेत समायोजित करण्याचे प्रस्तावित आहे, मुलांनी होडीने ये-जा करावी, हरकत असल्यास कळवावे. म्हणजे मोठ्या कागदात विचारलं होतं की वर्षभर काय करणार, आणि लहान कागदात सांगितलं होतं की वर्ष मिळणार नाही. आफियाबाईंनी दोन्ही कागद मला शांतपणे वाचून दाखवले. (या आपल्या शाळेच्या एकुलत्या एक शिक्षिका. मुरूडच्या. चार वर्षं झाली, पहिली ते चौथी सगळं त्याच शिकवतात, घंटाही त्याच देतात.) वाचून झाल्यावर म्हणाल्या, भाऊ, मोठा आधी भरू. शाळा बंद होणार असली तरी फॉर्म अर्धा ठेवायचा नाही, असा त्यांचा स्वभाव.

शाळेच्या ओट्यावर पालकांची सभा घेतली. मी खोकलो आणि विषय मांडला की पुढच्या वर्षी आपल्या मुलांनी काय साध्य करावं ते प्रत्येकाने सांगा. आजवर आपल्याला असं कोणी विचारलेलंच नव्हतं. शेवटी चंद्राबाई उठली. शाळेत खिचडी शिजवते तीच, तिच्या दोन नाती शाळेत आहेत. ती म्हणाली, "माज्या नातींना औषदाची बाटली वाचता आली पायजे. गेल्या साली डोल्याचं औषद मी कानात घातलं. वाचाया घरात कोन व्हता?" यूनुसने विचारलं, मग कानाला दिसायला लागलं का. चंद्राबाई म्हणाली, दिसत न्हाय, पन तुजं बोलनं मात्र आता दोन्ही कानांनी नकोसं वाटतं. आफियाबाईंनी मात्र हे लगेच कागदावर घेतलं, 'प्रत्येक मूल घरात येणारा कोणताही छापील मजकूर वाचून मोठ्यांना समजावून सांगेल.' पुराव्याच्या रकान्यात मी 'चंद्राबाईचा कान' असं सुचवलं होतं, ते त्यांनी खोडलं.

दुसरं उद्दिष्ट शंभर टक्के हजेरीचं. यात काही सुचवायचं नव्हतंच, ते तालुक्याहून छापूनच आलं होतं. पण मला वाटलं, हाच तर आपला मुद्दा. इथे मुलं चालत येतात म्हणून हजेरी लागते. पलीकडे धाडलीत तर हजेरी समुद्र ठरवील. तुला आठवत असेल, आपल्याकडे तिथीची पाऊणकी केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चाराची पाऊणकी तीन, म्हणून तीनला भरती. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, आणि ओहोटीला आपल्या खाडीत पाणी कमी आणि चिखल जास्त. मी सलग तीन दिवस बसून वर्षभराच्या सगळ्या तिथ्यांचा तक्ता केला. शुद्ध, वद्य, क्षयतिथी, वृद्धितिथी, काही सोडलं नाही. कोणत्या तिथीला केंद्रशाळा किती वाजता भरवावी म्हणजे आपली मुलं पोचतील, ते प्रत्येकापुढे लिहिलं. उदाहरणार्थ षष्ठीला शाळा पहाटे पाचला भरवावी किंवा दुपारी एकला. एकूण नऊ पानं झाली. खाली सही केली, 'शिक्षणप्रेमी'.

आठ दिवसांनी नऊ पानं परत आली. वर शेरा होता, 'तिथी ग्राह्य नाही. तारखेत सादर करावे.' मी यूनुसला म्हटलं, समुद्राला कळवून टाक. पण खोटं का सांगू, मी जरा खचलो होतो. शाळेच्या भिंतीला लागूनच आपली वाडी. सकाळी त्या अकरा मुलांचा कविता म्हणण्याचा आवाज येतो तेव्हा मी माडांना पाणी सोडतो, आणि ते थांबले की पाणी बंद करतो. मला दुसरं घड्याळ नाही. शाळा गेली तर माडांचं काय होईल, असा विचार मी करत होतो. (वहिनी म्हणते माडांचं नाही, तुमचं काय होईल ते बोला.)

एवढ्यात विस्तार अधिकाऱ्यांचा फोन आला. क्षिप्रा मॅडम. नवीन आहेत, बुलढाण्याकडच्या, समुद्राची आणि त्यांची ओळख दोन महिन्यांची. त्या म्हणाल्या, आजोबा, तुमची नऊ पानं मी वाचली, मला कळली नाहीत, मी समक्ष येऊन बघते. शाळा उघडेल त्या दिवशीच येते. पलीकडच्या धक्क्यावरून किती वाजता निघू? शाळा उघडण्याच्या दिवशी होती ज्येष्ठ वद्य पंचमी. मी तिथल्या तिथे मनात हिशेब केला आणि सांगितलं, साडेआठला निघा, भरपूर पाणी असेल. आता घोटाळा असा झाला की गडबडीत मी पाऊणकीऐवजी सवायकी धरली. पाचाची सवायकी सव्वासहा, म्हणजे सव्वासहाला भरती, म्हणजे साडेआठला पाणी मुबलक. खरी पाऊणकी पावणेचार. म्हणजे साडेआठला पाणी निघून जाण्याच्या तयारीत. माणूस चौऱ्याहत्तरीला आला की पाढे गळतात, काय करणार.

मी त्यांना आणायला यूनुसबरोबर पलीकडे गेलो. मॅडमबरोबर केंद्रप्रमुख अजेय सर होते, नवे कोरे बूट घालून. पावसाने उघडीप दिली होती. यूनुसने पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, भाऊ, तुम्ही बोललात तर चला, बिस्मिल्ला. (त्याला सगळं कळलं होतं, पण पाहुण्यांसमोर वडीलधाऱ्याची चूक काढायची नाही, हा त्याच्या घरचा रिवाज.) निम्म्याहून जास्त खाडी ओलांडली आणि पावणेनऊच्या सुमाराला होडी हळूच थांबली, म्हैस चिखलात बसते तशी.

मॅडमनी विचारलं, "बंद पडली का?"

"बंद न्हाय पडली, बसली," यूनुस म्हणाला.

"मग उठेल कधी?"

"पाणी येईल तेव्हा."

"पाणी कधी येईल?"

यूनुसने माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, हिशेब ह्यांच्याकडे. मी सांगितलं, अकराच्या पुढे. अजेय सर म्हणाले, तुमचा धक्का तर समोर दिसतोय, चालत जाऊ. यूनुस नको नको म्हणत असताना त्यांनी एक पाय खाली टाकला आणि तो मांडीपर्यंत गेला. दोघांनी मिळून ओढून काढला. पाय आला, बूट आला नाही. तो बूट अजून खाडीतच आहे. कोणी वर काढलाच तर पाठवून देऊ, असं मी त्यांना लेखी दिलं आहे.

आता पुढचं ऐक. आपल्या धक्क्यावर आफियाबाई अकरा मुलांना रांगेत उभं करून स्वागताला थांबल्या होत्या. आम्ही त्यांच्यापासून फार तर साठ-सत्तर पावलांवर, पण मधे नुसता चिखल. बाई थोडा वेळ थांबल्या. मग त्यांना वाटलं असावं, पाहुणे आलेच आहेत, फक्त पोचले नाहीत. त्यांनी तिथूनच स्वागतगीत सुरू केलं. गीत झाल्यावर परिपाठ, मग हजेरी. अकरापैकी अकरा. प्रत्येक मूल ओरडून हजर म्हणालं. मग मॅडमही होडीत उभ्या राहिल्या, ओढणी कमरेला खोचली, आणि त्यांनी तिथूनच तपासणी सुरू केली. चौथीला भागाकार, दुसरीला बेरजा, तिसरीला परिसर. त्या ओरडून विचारत होत्या आणि मुलं ओरडून सांगत होती. शेजारी बगळे चिखल टोचत होते, त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागले. चंद्राबाईची धाकटी नात तिसरीत आहे. तिला मॅडमनी विचारलं, ओहोटी म्हणजे काय? ती म्हणाली, "तुमी बसलाव ती."

मॅडम हसायला लागल्या त्या थांबेनात. अजेय सर एका पायात बूट घालून गंभीर बसले होते, तेही शेवटी हसले.

दहाच्या सुमाराला ऊन चढलं. तेव्हा चंद्राबाईने काय करावं? खिचडीचा डबा डोक्यावर, ताकाची बाटली पदरात, आणि ती सरळ चिखलात उतरली. खेकडे पकडायला ती रोजच जाते, तिला प्रत्येक ठिकाणचा तळ ठाऊक. गुडघाभर चिखलातून डुलत डुलत आली, होडीच्या कडेला उभी राहिली आणि मॅडमना म्हणाली, "खा बाय. आमची पोरा रोज अशीच अडकतीन, तवा त्यांना कोन आनून देल?" एवढंच बोलली, आणि परत गेली. मॅडमनी डबा उघडून आधी सगळ्यांना वाढलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, आजोबा, ती नऊ पानं पुन्हा द्याल का? मी बरोबरच नेली होती. सदऱ्याच्या खिशात. (योगायोगाने.) उरलेला वेळ मी त्यांना पाऊणकी शिकवली. फार हुशार मुलगी. अर्ध्या तासात त्या स्वतः एकादशीची भरती काढायला लागल्या.

अकरा वाजून गेल्यावर पाणी चढलं, होडी उठली आणि आम्ही शाळेत पोचलो. मॅडमनी शेरेबुकात लिहिलं की खाडीची परिस्थिती प्रत्यक्ष अनुभवली, शाळा यंदा आहे त्या ठिकाणी ठेवण्याची शिफारस करते, मात्र वर्षभरात अध्यापन एक दिवसही खंडित होऊ नये. मी चष्मा पुसायला लागलो. तेवढ्यात आफियाबाई म्हणाल्या, मॅडम, मला एक सांगायचं आहे, आत्ताच सांगते. त्यांना दिवस गेले आहेत. दिवाळीनंतर बाळंतपणाची रजा, सहा महिने. चंद्राबाईने तिथेच त्यांची दृष्ट काढली, आणि मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, अभिनंदन बाई, पण बदलीला द्यायला माझ्याकडे माणूस नाही. केंद्रशाळेचे शिक्षक आले तरी ते याच होडीने येणार. सहा महिने शाळेला कुलूप लागलं तर मला मुलं पलीकडेच पाठवावी लागतील. मोठ्या कागदावर तिसरं उद्दिष्ट कोरंच होतं. (सगळ्यांना 'शाळा इथेच राहावी' असं लिहायचं होतं, पण बाई म्हणाल्या, ते आपलं उद्दिष्ट असलं तरी आपल्या हातातलं नाही.) मॅडम म्हणाल्या, या रजेचं काय करणार तेच तिसऱ्यात लिहा, मी आज घेऊन जाते. मी पाच मिनिटं विचार केला आणि भरून दिलं. कागद गेला.

तर अशी इकडची खुशाली. आंब्याचा रस आटवून ठेवला आहे. सलिल मांडव्याच्या बोटीने मुंबईहून कधी आलाच तर त्याच्या हाती देईन. घरातल्या सर्वांना वयाप्रमाणे नमस्कार आणि आशीर्वाद सांग.

तुझा,
भाऊ

ता. क. वहिनी म्हणते, निदान बहिणीला तरी खरं लिहा. जो माणूस सातव्या वर्षापासून पाऊणकी म्हणतो आणि ज्याने गावातल्या तीन बारशांच्या पाहुण्यांच्या होड्यांची वेळ काढून दिली, तो पंचमीला सवायकी कशी धरेल? बरं. नाही धरली. पण पोरीला उन्हात अडीच तास बसवलं याचं मला वाईट वाटतं, आणि बुटाचंही. हे पत्र वाचून फाडून टाक.

दुसरा ता. क. तिसऱ्या रकान्यात मी लिहिलं ते असं : 'शिक्षिकेच्या रजाकाळात गावच्या माहेरवाशीण, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका श्रीमती प्रमोदिनीबाई शाळा चालवतील. मुदत : दिवाळीची सुट्टी संपताच.' पुराव्यापुढे लिहिलं, 'त्या येतील.' निवृत्त शिक्षक ठेवता येतात, तसा नियम आहे, असं मॅडम म्हणाल्या. तुला आधी विचारायला हवं होतं, हे मला मान्य आहे. पण तू नाही म्हणाली असतीस तर मला तो रकाना कोराच द्यावा लागला असता, म्हणून विचारलं नाही. राहायला तुझी जुनी खोली वहिनीने सारवली आहे. मेहुण्यांनाही घेऊन ये. इथे लोणचं वहिनीच्या कुलुपात असतं.

तिसरा ता. क. हे कधी सांगितलं नाही, आता सांगतो. लोकांना वाटतं मी वर्तमानपत्रं वाचून शहाणा झालो. तू पाचवीत गेलीस तेव्हा मी पंचवीस वर्षांचा घोडा होतो. संध्याकाळी तू पडवीत बसून धडे मोठ्याने म्हणायचीस आणि मी पलीकडे सुपाऱ्या सोलायचो. तुला वाटायचं भाऊ काम करतोय. तू चुकलीस की मला कळायचं, कारण आदल्या दिवशीचं मला पाठ असायचं. माझी पाचवी ते दहावी अशी झाली. तुझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी मी देवापुढे दोन नारळ फोडले आणि दुसरा कोणाचा ते आईला सांगितलं नाही. तेव्हा मास्तरीण म्हणून तू नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधी तुझा पट एकाचा होता. आता अकरांचा आहे, बाकी फरक काही नाही. मुलं विचारतात, नवीन बाई कडक आहेत का. मी सांगितलं आहे, आहेत, पण आवाज गोड आहे, भिंतीपलीकडेही सगळं कळतं.

उत्तर लगेच लिही. फोन नको. फोनवर तू आधी नाही म्हणतेस आणि मग विचार करतेस. पत्र लिहायला बसलीस की आधी विचार करशील.